तीन वाडगी मका

कणगीचं तोंड वर, गवताच्या टोपीखाली,
आणि तिच्यात उतरायचं ते फक्त नापारीनं.
ऊन अजून शियाच्या झाडांच्या कमरेएवढंच,
तो आत खांद्यापर्यंत बुडून
मापतोय: एक. दोन. तीन.
चौथं वाडगं हातात घुटमळतं
आणि परत आत ओतलं जातं.
खाली टोपलं धरून अझारा.
काही म्हणत नाही.
आवाजावरूनच तिला कळलंय,
वाडगं आता तळाला घासतंय.

मका त्याचा, रस्सा तिचा.
येंडीच्या रस्त्यावरच्या कुठल्याही अंगणात विचारा,
असंच सांगतील.
कालपर्यंत चूल फुलेराची होती,
आजपासून दोन दिवस हिची.

मग ती ठरवते. म्हणजे
आधी सासूच्या हिरड्यांना विचारते.
म्हातारीला शेंगदाण्याचा रस्सा सोसतो,
पण उरलेत ते शेंगदाणे बियाण्याचे,
मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं.
ते फोडायचं तर पुढचं वर्षच वाढून घ्यायचं पानात.
वुम्पिनी भेंडीच्या तारेला शेंबूड म्हणतो
आणि वर दोन घास जास्त मागतो.
नापारीला मासळीची भुकटी हवी असते.
हवी, असं तो कधी म्हणत नाही,
नसली की नुसता हळू जेवतो.

कमरेच्या गाठीत अकरा सेदी,
शियाच्या बियांचे, तिचे स्वतःचे.
त्यातले तीन गिरणीवाल्याचे,
वर तो मूठभर पीठही घेतो, न विचारता.
मीठ आणायचंय. माल्टितीची वही संपलीय.
कणगीत नाही ते हंडीत कुठून,
आणि गाठीत नाही ते तरी कुठून?
सरपण ओलं आहे, म्हणजे
तासभर शिजणारी चवळी आपोआप बाद.
कुंपणाला अंबाडी आलीय कोवळी,
पण कुंपण फुलेराचं.

गिनी कोंबड्यांनी गवतात सात अंडी घातलीत.
दुपारी मोटारसायकलवाला येऊन सहा घेऊन जातो,
सातवं तडकलेलं, ते तो उन्हात धरतो, परत देतो.
अंडं खाल्लेलं पोर चोर होतं म्हणतात.
अझाराही म्हणायची, परवापरवापर्यंत.

शेवटी ती हात घालते छपराखालच्या बोचक्यात.
धुळीचा कोरडा वारा सुटला होता तेव्हा,
ओठ फुटायचे, टाचा फुटायच्या,
तिनं छपरावर भेंडी वाळवली होती,
चकत्या करकरून,
वुम्पिनी त्यांना नाणी म्हणून खेळायचा.
आजची संध्याकाळ तिनं तेव्हाच कापून ठेवली होती
आणि आज सकाळपासून उगाच
ठरवत बसली होती.

सागिम रटरटतं. दोन्ही हातांनी घोटणी फिरवताना
कुंपणाकडून फुलेरा येते,
चुलीपाशी पालापाचोळा टाकावा तशी
अंबाडीची जुडी टाकते आणि जाते.
तिच्या पदराला कुजवलेल्या दावादावाचा वास,
जुडीत तोही एक गोळा, पानात बांधलेला.
आता रश्श्याला मासळी नसली
तरी नाक फसेल.

पुरुषांचं भांडं आधी जातं. मग म्हातारीचं.
मग पोरांचा घोळका, एका परातीत नऊ हात.
माल्टिती पाणी आणायला गेली होती,
ती येते तोवर परात चाटून पुसून.
अझारा तिला चुलीमागे बोलावते.

रात्री नापारी अंगणात चटईवर,
आभाळाकडे बघत, जरा अवघडून म्हणतो,
उद्या चार काढतो.
ती भांडी पालथी घालते आहे.
तीनच काढ, म्हणते.
तो वळून बघतो.
काही विचारायचं असावं त्याला,
पण मधेच मुलीवर नजर जाते
आणि तो म्हणतो, इकडे ये गं,
ओठाला पिवळं काय लागलंय तुझ्या?

माल्टिती आईकडे बघते.
आई हंडीकडे.
हळद, म्हणते म्हातारी अंधारातून,
जिच्या घरात हळद कधीच नव्हती.